दुसरी बोट : म्हादई, तारिणी आणि आपण न लिहिलेला इतिहास

नौदलाच्या शिडाच्या बोटींबद्दल गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जे लिहून आलंय, त्यातलं बरंचसं मी गेल्या काही महिन्यांत वाचून काढलं. निमित्त संशोधनाचं. काचतंतू आणि रेझिन यांच्या मिश्र पदार्थात, म्हणजे आपण ज्याला सरसकट 'फायबर' म्हणतो त्यात, खारं पाणी कसं मुरतं आणि वर्षानुवर्षं मुरत राहिलं तर काय होतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे फायबरची बोट म्हटली की माझे कान टवकारतात. पण एवढं वाचून झाल्यावर या लिखाणाबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि आजची पोस्ट त्या तक्रारीबद्दल आहे.

तक्रार थोडक्यात अशी : आपण बोटीवर बसून गेलेल्यांचा इतिहास लिहितो, बोट बांधणाऱ्यांचा लिहीत नाही. आणि बोटीबद्दल लिहितो तेव्हाही चुकीच्या बोटीला जास्त जागा देतो.

आधी घटना

ज्यांना ही गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी. गोव्यात मांडवीच्या पात्रात दिवाडी नावाचं बेट आहे. तिथं रत्नाकर दांडेकर यांचा अ‍ॅक्वेरियस हा बोटी बांधायचा कारखाना. भारतीयानं शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि तीही भारतात बांधलेल्या बोटीतून, ही कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. नौदलानं ही कल्पना उचलून धरली आणि दिवाडीला 'म्हादई' बांधली गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परत आले. पुढे अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात त्याच बोटीतून कुठंही न थांबता फेरी पूर्ण केली.

मग २०१७ च्या फेब्रुवारीत 'तारिणी' आली. तीही दिवाडीचीच. १० सप्टेंबर २०१७ ला वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी नौदल अधिकारी तिच्यातून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला गोव्यात परतल्या. २५४ दिवस, २१,६०० सागरी मैल. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघी निघाल्या आणि मे २०२५ अखेर परत आल्या.

या सगळ्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दिवस मोजलेले, मैल मोजलेले, केप हॉर्नच्या लाटा, वाऱ्याचा वेग, तुटलेलं सुकाणू, घरची आठवण. ते सगळं मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या वर्णनात बोट म्हणजे नुसतं वाहन. ती 'स्वदेशी बनावटीची' आहे हे एका वाक्यात सांगितलं जातं आणि विषय संपतो.

दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन' हे २०१४ चं पुस्तक याला अपवाद. त्यात समुद्रावर जाण्याआधीची बोटीची बांधणी चांगली ऐसपैस येते, आणि दांडेकर त्यात नुसते कंत्राटदार म्हणून येत नाहीत. तरी ते खलाशाचं पुस्तक आहे आणि तसंच असायला हवं. कारखान्याचा इतिहास खलाशानं लिहावा अशी अपेक्षा धरणं अन्यायाचं होईल. ते काम आपलं : पत्रकारांचं, इतिहास लिहिणाऱ्यांचं आणि माझ्यासारख्या पदार्थविज्ञानवाल्यांचं.

स्वीडनवाले काय मोजतात

तुलनेसाठी जरा लांब जाऊ. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरुस्ट नावाचं बेट आहे. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी बोटी बांधणारे सुतार तिथले. हॅरी हॅलबर्ग यांनी १९४३ मध्ये तिथं कुंग्सव्हिकेन गावात आपला कारखाना काढला. पुढे ते जवळच्या एलोस गावी गेले. त्यांची कुंग्सव्हिकेनची जुनी जागा क्रिस्टोफ रासी या जर्मनीहून आलेल्या तरुण बोटबांधणाऱ्यानं घेतली, आणि १९७२ मध्ये त्यानं हॅलबर्ग यांचा एलोसचा कारखानाही विकत घेतला. दोन्ही नावं जोडून झालं हॅलबर्ग-रासी. आज जगभर लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या लोकांत हे नाव आपल्याकडे बुलेटचं घेतात तसं घेतलं जातं.

या कंपनीचा इतिहास कुठंही वाचा, एक आकडा हमखास सापडतो : 'मॉन्सून ३१' ही बोट १९७४ ते १९८२ या काळात ९०४ नग. (हो, नाव मॉन्सूनच. आपल्या पावसाशी तिचा एवढाच संबंध.) स्वीडनचीच दुसरी प्रसिद्ध बोट 'अल्बिन वेगा'. पेर ब्रोहेल यांनी आखलेली ही सत्तावीस फुटी बोट १९७९ पर्यंत बांधली गेली, साधारण ३,४५० नग. प्रत्येक नगाला क्रमांक असतो, आणि मालक मंडळी "माझी अमुक नंबरची" अशी ओळख सांगतात.

म्हणजे तिकडे इतिहासाचं माप नग आहे. आपल्याकडे माप मैल आहे. हा फरक नुसता सांगण्याच्या पद्धतीचा नाही. तो फायबरग्लास या पदार्थाच्या स्वभावातून येतो, म्हणून आता थोडं विज्ञान.

साचा

फायबरग्लासची बोट नेहमीच्या पद्धतीनं बांधायची तर आधी बोटीच्या आकाराचा एक पूर्ण ठोकळा करावा लागतो, लाकडाचा वगैरे. तो घासून-घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. त्याच्यावरून फायबरचाच एक उलटा साचा काढायचा. मग खरं काम सुरू : साच्याला आतून मेण लावायचं, त्यावर जेलकोटचा रंगीत थर, मग काचतंतूंची चादर, रेझिन, रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढायचे, पुन्हा चादर, पुन्हा रेझिन. रेझिनमध्ये हार्डनर घातला की रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता बाहेर पडते आणि सगळं घट्ट होतं. मग साच्यातून बोटीचं अख्खं अंग उचलून काढायचं.

यात सगळ्यात महाग आणि वेळखाऊ भाग कुठला? साचा. एका बोटीसाठी साचा करणं म्हणजे एक मोदक वळायला चांदीचा साचा घडवून घेणं. पण त्यातून शंभर काढले तर साच्याचा खर्च प्रत्येकावर शंभरावा भाग पडतो. शिवाय विसाव्या बोटीला हात बसलेला असतो. कुठल्या कोपऱ्यात हवा अडकते, कुठं रेझिन ओघळतं, कुठं एक थर जास्त हवा, हे माहीत झालेलं असतं. म्हणून फायबरग्लासच्या धंद्याची सगळी ताकद पुन्हा-पुन्हा तेच करण्यात आहे.

स्वीडनला हे जमलं त्याला कारणं होती. गिऱ्हाईक होतं. १९६३ मध्ये तिथं कायद्यानं चार आठवड्यांची पगारी सुट्टी झाली. समोर बेटांनी भरलेला किनारा आणि हातात पैसा आलेला मध्यमवर्ग. शिक्षक, कारकून, फिटर अशा लोकांनी बोटी घेतल्या. सुतार गावात होतेच. त्यांनी लाकूड सोडून फायबर धरलं, पण आतलं महोगनीचं काम तेच करत राहिले. म्हणजे साच्याला लागणारी शेकडो गिऱ्हाइकं आधी समाजानं तयार केली, मग कंपन्या उभ्या राहिल्या.

दिवाडीला साचा का नव्हता

आता म्हादईकडे या. दोन्ही बोटींचा आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन द स्टॅट या संस्थेचा, नाव 'टोंगा ५६'. छप्पन्न फुटांची बोट, पंचवीस मीटर उंचीची डोलकाठी. गिऱ्हाईक एकच, नौदल. हवी होती एक बोट. अशा वेळी साचा करण्यात अर्थ नसतो. म्हणून इथं लाकूड आणि काचतंतू यांची मिश्र बांधणी आहे. तारिणीच्या बाबतीत तर नौदलानंच स्पष्ट सांगितलंय : लाकडी गाभ्याचं फायबरग्लास सँडविच. अशा बांधणीत आडव्या चौकटी उभ्या करून त्यांच्यावर लाकडी गाभ्यानंच आकार घ्यायचा असतो. मग आतून-बाहेरून काचतंतू आणि रेझिनची कातडी चढते.

सँडविच का? पुठ्ठ्याचा खोका बघा. दोन पातळ कागद आणि मध्ये नागमोडी कागद. नुसते दोन कागद एकमेकांना चिकटवले तर सहज वाकतात, पण त्यांना एकमेकांपासून लांब धरलं की ताठ होतात. भरीव फायबरच्या पत्र्याची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट. सँडविचमध्ये कातड्या तेवढ्याच ठेवून त्यांच्यातलं अंतर दुप्पट केलं तर ताठपणा साधारण चौपट होतो आणि वजन वाढतं ते फक्त हलक्या गाभ्याचं. समुद्रात महिनोन्‌महिने लाटांचे तडाखे खाणाऱ्या बोटीला हा सौदा फायद्याचा.

पण या सौद्यात एक कलम बारीक अक्षरात असतं. गाभा लाकडाचा आहे. बाहेरच्या कातडीला कुठं भोक राहिलं, एखाद्या बोल्टची कड नीट बंद झाली नाही, तर पाणी आत शिरतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणजे अशा बोटीचं आयुष्य आराखड्याइतकंच प्रत्येक भोक बुजवणाऱ्या हातावर अवलंबून. त्यात कोकणातली हवा. इपॉक्सी रेझिन उकाड्यात लवकर घट्ट होतं, म्हणजे कामगाराला हातात वेळ कमी मिळतो. दमट हवेत त्याच्यावर मेणचट साय धरते, ती धुतल्याशिवाय पुढचा थर लावला तर तो धरत नाही. स्वीडनमधल्या कारखान्याला हिवाळ्यात शेड तापवायची चिंता, दिवाडीला बरोबर उलट.

माझ्या दृष्टीनं या बोटींची खरी साहसकथा इथं आहे. मांडवीकाठच्या दमट हवेत छप्पन्न फुटांचं सँडविच असं बांधणं, की ते दक्षिण महासागर पुन्हा-पुन्हा झेलून परत येईल. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत यावर मला एक परिच्छेदही सापडला नाही.

तारिणी जास्त महत्त्वाची का

आता 'चुकीच्या बोटीला जास्त जागा' या मुद्द्याकडे येतो.

सगळ्या लिखाणात म्हादई ही थोरली, पहिली, मानाची. तारिणीचा उल्लेख येतो तो तिच्यावरच्या सहा जणींमुळे. बोट म्हणून तिचं वर्णन 'म्हादईची धाकटी बहीण' एवढंच. मला हे उलटं वाटतं. प्रवासाच्या इतिहासात म्हादई मोठी असेल, पण बांधणीच्या इतिहासात तारिणी मोठी आहे, कारण ती दुसरी आहे.

पहिली बोट जिद्दीवर बांधता येते. एक ध्येयवेडा मालक, एक मागे लागलेला खलाशी, पाठीशी आवटींसारखा माणूस, आणि होऊन जातं. आपल्याकडे अशा पहिल्या गोष्टींची कमी नाही. दुसरी बोट जिद्दीवर होत नाही. तिच्यासाठी पहिलीत काय शिकलो ते कुठंतरी साठलेलं असावं लागतं, तीच माणसं किंवा त्यांनी शिकवलेली माणसं हजर असावी लागतात, आणि गिऱ्हाइकाला पुन्हा तिथंच यावंसं वाटावं लागतं. आठ वर्षांनी तोच आराखडा, तोच कारखाना, तेच गिऱ्हाईक. हे जमलं ही बातमी होती. ती बातमी म्हणून कुणी दिली नाही.

'स्वदेशी' या शब्दाचं काय करायचं

दोन्ही बोटींना सगळीकडे 'संपूर्ण स्वदेशी'सारखी विशेषणं चिकटवलेली दिसतात. आराखडा डच आहे. तारिणीची डोलकाठी केप टाउनच्या सदर्न स्पार्सकडून आली. मग काही लोक उत्साहानं म्हणतात, बघा, कसली स्वदेशी!

दोन्ही बाजू चुकीचं माप लावतायत असं मला वाटतं. हॅलबर्ग-रासीच्या बोटी अनेक वर्षं हेर्मान फ्रेर्स आखतात, ते अर्जेंटिनाचे. कंपनीतले रासी मूळचे जर्मन. म्हणून त्या बोटी स्वीडिश नाहीत असं कुणी म्हणत नाही. बोटीचे भाग कुठून आले यापेक्षा ती पुन्हा बांधायचं ज्ञान कुठं राहतं, हा प्रश्न विचारायला हवा. ते ओरुस्टला राहिलं. आपलं दिवाडीला आहे, पण मोजक्या माणसांच्या हातात.

एका साच्यातून वीस

याचं एक उदाहरण शर्यतीच्या नियमातून मिळतं. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले. ३१२ दिवस लागले. त्यांची 'सुहेली' सागवानी होती आणि मुंबईत बांधलेली होती. या सफरीच्या पन्नाशीनिमित्त २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरवली गेली. बोट कशी हवी? १९८८ पूर्वीच्या आराखड्याची, ३२ ते ३६ फुटांची, आणि एका साच्यातून किमान वीस नग निघालेली. पाच-सहा दशकांच्या मालिका-उत्पादनाचा इतिहास त्या एका अटीत बसलाय. ज्या देशांनी तेव्हा साचे केले, त्यांच्या बोटी यादीत. ओले एन्डरलिन या स्वीडिश आराखडाकाराची बत्तीस फुटी बोटही त्यात होती.

आपल्याकडे असा एकही साचा नव्हता. अभिलाष टॉमी उतरले ते 'सुहेली'च्या प्रतिकृतींना दिलेल्या सवलतीतून. त्यांची 'तुरिया' दिवाडीलाच बांधली गेली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळात ती उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली आणि फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. चार वर्षांनी ते पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये २३६ दिवसांनी दुसरे आले. या वेळी बोट होती 'बायनात', इंग्लंडमध्ये बांधलेली रस्लर ३६, साच्यातून निघणारी. २०१८ च्या शर्यतीतले पहिले तिघंही रस्लर ३६ मधूनच आले होते.

यावरून दिवाडीची बांधणी कमी दर्जाची असा अर्थ काढू नका. तसल्या वादळात त्याच शर्यतीतल्या इतर बोटींच्याही डोलकाठ्या मोडल्या. मुद्दा एवढाच की अनुभवी खलाशी दुसऱ्यांदा जाताना अशी बोट निवडतो, जिच्या शेकडो मैलांच्या नव्हे तर अनेक बहिणींच्या चुका आधीच दुरुस्त झालेल्या असतात.

स्वीडिश इतिहासातही एक भोक आहे

तिकडचं सगळं छान असं मला म्हणायचं नाही. त्या कंपन्यांचे इतिहास वाचले की मॉडेल, आराखडाकार आणि मालक भेटतात. ज्यांनी रोलर फिरवला ते क्वचित. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन डोळ्यांत चुरचुरतं, डोकं जड करतं. ते वर्षानुवर्षं हुंगलेली माणसं त्या ९०४ नगांच्या मागं आहेत. सत्तरच्या दशकातल्या कितीतरी फायबर बोटींना पुढे फोड आले. जेलकोटमधून पाणी झिरपतं, रेझिनचे एस्टर बंध तोडतं आणि आत आंबट वासाचं द्रव साठतं. (हाच माझा विषय, म्हणून इथं थांबतो, नाहीतर पोस्ट संपायची नाही.) आणि मंदीत काय होतं तेही लक्षात ठेवायला हवं. ओरुस्टचीच नजाद ही नामांकित कंपनी २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. नग मोजणारा इतिहास गिऱ्हाईक आटलं की एकदम गप्प होतो.

म्हणून आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. पण आपल्या इतिहासात निदान बांधणी तरी यावी.

हे आत्ताच का

मी गोखिवऱ्यात राहतो. वसई पूर्वेला औद्योगिक गाळ्यांची रांगच्या रांग आहे. रस्त्यानं जाताना कुठल्यातरी गाळ्यातून रेझिनचा तो ओळखीचा गोड-उग्र वास येतो आणि मला कळतं की आत कुणीतरी फायबरचं काम करतंय. आणि पश्चिमेला वसईचा किल्ला. पोर्तुगीज काळात वसईला मोठी जहाजं बांधली जायची, हे आपण अभिमानानं सांगतो. १७३९ ची मोहीम आपल्याला पाठ आहे. पण ती जहाजं बांधणाऱ्या सुतारांतल्या एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल? जोड कसे घ्यायचे, फटी कशानं बुजवायचे? किल्ला राहिला, लढाई राहिली, हातातलं ज्ञान हातांबरोबर गेलं.

दिवाडीच्या बाबतीत अजून उशीर झालेला नाही. माणसं आहेत, बोटी आहेत. उलट दांडेकर यांच्याच 'होडी इनोव्हेशन्स'नं अलीकडे एकदम दुसरं टोक गाठलं : 'कौंडिण्य', खिळे न मारता दोरीनं फळ्या शिवून बांधलेलं जहाज, केरळचे बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. तिथं बांधणीच्या पद्धतीवर भरभरून लिहिलं गेलं, दोरी, फळ्या, राळ, सगळं. प्राचीन म्हटलं की आपल्याला कारागीर दिसतो. फायबर म्हटलं की कारखाना दिसतो आणि आपण पुढं जातो. पण काचतंतूची चादर रेझिनमध्ये भिजवून बसवणं हेही हातकामच आहे, आणि तेही विसरलं जाऊ शकतं.

तर पुढच्या वेळी तारिणीवर लेख लिहाल तेव्हा एवढे प्रश्न विचारा. गाभ्याचं लाकूड कुठलं निवडलं आणि का? पावसाळ्यात रेझिनचं काम कसं चालवलं? म्हादईत केलेली कुठली गोष्ट तारिणीत बदलली? म्हादईवर काम केलेल्यांपैकी किती जण तारिणीवर होते, आणि आज ते कुठं आहेत? गाभ्यात पाणी शिरलंय का, हे इतक्या वर्षांनी तपासलं का? केप हॉर्नच्या लाटेची उंची आम्हाला आता माहीत झाली आहे. ती लाट ज्या कातडीवर आदळली, ती किती मिलिमीटर जाड होती आणि कुणी चढवली, तेही एकदा छापा.